नोकरी लागली, पुढे काय?

रेल्वेत किंवा टपाल खात्यात मुलाला अथवा मुलीला नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात. आईवडिलांच्या डोक्यावरचे ओझे उतरते, सोयरीक सांगून येते, कालपर्यंत उधारी नाकारणारा दुकानदारही रामराम घालू लागतो. हा आनंद खोटा नाही. रेल्वेने २०१९ साली लेव्हल-एकच्या १ लाख ३ हजारांहून अधिक जागांची जाहिरात काढली, तेव्हा १ कोटी १५ लाखांच्या घरात अर्ज आले आणि प्रत्यक्ष परीक्षा व्हायला २०२२ साल उजाडले. शंभराहून अधिक उमेदवारांमागे एकाला जागा! तो एक आपल्या घरातला असेल तर पेढे जरूर वाटावेत. प्रश्न आहे तो पेढे संपल्यानंतरचा. पुढची तीस-पस्तीस वर्षे या नोकरीत कशी काढायची, हे त्या मुलाला नीट बसवून कोणी सांगत नाही.

सांगणारे अगदीच नसतात असे नाही. पण त्यांच्याकडे दोनच सल्ले असतात. पहिला सल्ला असा : "आता सुटलास. हजेरी लाव, पगार घे, कोणाच्या अध्यात-मध्यात पडू नकोस, साहेबाशी जुळवून घे." दुसरा सल्ला याच्या अगदी उलट : "ही नोकरी तात्पुरती समज. पुढच्या परीक्षेचा अभ्यास कर आणि इथून निघ." पदवीधर मुले, अभियांत्रिकीची पदविका घेतलेली मुले आज गँगमध्ये हातोडा घेऊन उभी आहेत, टपालाच्या थैल्या उचलत आहेत. त्यांना दुसरा सल्ला पटतो, यात नवल नाही. ज्याला खरोखर पुढे जाता येईल त्याने खुशाल जावे, आमच्या शुभेच्छा त्याच्या पाठीशी आहेत. पण शेकडा बहुसंख्य मुले याच खात्यात निवृत्त होणार असतात. पहिला सल्ला मानणारा काम शिकत नाही, कारण त्याला गरज वाटत नाही. दुसरा सल्ला मानणारा काम शिकत नाही, कारण त्याचे मन इथे नसते. दहा वर्षांनी दोघेही एकाच बाकावर बसून एकच तक्रार करताना दिसतात : "आमचं काही झालं नाही."

आमचे स्पष्ट मत असे की हे दोन्ही सल्ले कामगाराच्या हिताचे नाहीत. नोकरीत पुढे जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात. दार उघडे असावे लागते आणि त्या दारातून आत जाण्याची आपली तयारी असावी लागते. दार एकट्याने उघडत नाही, ते सर्वांनी मिळून उघडायचे असते. तयारी मात्र दुसरा कोणी करून देत नाही, ती ज्याची त्यानेच करायची असते. यांपैकी एकच गोष्ट सांगणारा, मग तो साहेब असो वा पुढारी, अर्धेच सत्य सांगतो.

हे केवळ बोलायचे म्हणून आम्ही बोलत नाही. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर याची साक्ष देणारी एक वास्तू उभी आहे. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता, पूर्वीचा कर्झन रोड. नवे महाराष्ट्र सदन २०१३ पासून याच रस्त्यावर आहे, त्यामुळे कामानिमित्त दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसाला तो अनोळखी नाही. याच रस्त्यावर इंडिया गेटच्या बाजूला बडोदा हाउस आहे. तिथे आज उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. उत्तर रेल्वेतल्या हजारो कामगारांच्या बदल्या, बढत्या, निवड-याद्या यांचे कागद या वास्तूतून फिरतात. पण ही वास्तू मुळात बांधली गेली ती बडोद्याच्या महाराजांचे दिल्लीतले निवासस्थान म्हणून. वास्तुविशारद एडविन लटियन्स. आणि ज्यांच्यासाठी बांधली गेली ते सयाजीराव गायकवाड जन्माने राजपुत्र नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावच्या शेतकऱ्याचे ते पोर, नाव गोपाळ. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले.

राजेरजवाडे ही काही कामगार चळवळीची दैवते नव्हेत. परंतु या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्या विषयाला लागू पडते. दत्तक गेल्याने गादी मिळाली, पण राज्य चालवण्याची विद्या गादीबरोबर आली नाही. त्यासाठी त्या मुलाला मास्तर नेमले गेले, वेळापत्रक आखले गेले, आणि सहा वर्षे शिकल्यानंतर १८८१ च्या अखेरीस कारभार त्याच्या हाती दिला गेला. संधी नशिबाने मिळाली, तयारी मेहनतीने करावी लागली. आपल्याला जे मिळाले ते इतरांनाही मिळावे, ही जाणीव त्यांनी पुढे ठेवली, हे विशेष. १८९० साली बडोद्यात कलाभवन काढून तंत्रशिक्षणाची सोय केली. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आणि १९१३ साली एका हुशार विद्यार्थ्याला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पदवी होती, नेमणूक होती, वरिष्ठ अधिकाऱ्याची जागा होती. आणि तरीही कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून त्यांच्या टेबलावर फायली दुरून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर तिथूनही बाहेर काढले गेले. काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले.

इथे थांबून "साहेबाशी जुळवून घे" म्हणणाऱ्या सल्लागाराला आम्ही विचारतो, आंबेडकरांनी कोणाशी जुळवून घ्यायला हवे होते? फेकलेल्या फायलींशी? जुळवून घेणे ही चांगली गोष्ट आहे. रात्रपाळीशी जुळवून घ्यावे लागते, नव्या गावाशी, नव्या भाषेशी, नव्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या पण काम अधिक जाणणाऱ्या मुकादमाच्या हाताखाली निमूटपणे शिकावे लागते. हे सारे कामाशी जुळवून घेणे झाले. पण अपमानाशी, पक्षपाताशी, बेकायदा हुकमाशी जुळवून घेणे म्हणजे कामाशी जुळवून घेणे नव्हे. ती लाचारी झाली. नव्या कामगाराला या दोहोंतला फरक पहिल्याच वर्षी कळला पाहिजे.

बडोद्यातला तो अनुभव पुढे एका माणसाचे गाऱ्हाणे म्हणून उरला नाही. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. कवळाण्याच्याच नाशिक जिल्ह्यातले हे मनमाड. भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्याच भाषणात त्यांनी बढतीचा प्रश्न मांडला होता, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? दलित कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टर होता येत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तरच्या घरचे काम करून घेतले जाते आणि त्या घरात त्याचा शिरकाव नाही. कारखान्यात तो मिस्त्री किंवा फोरमन होऊ शकत नाही. काम येत नाही म्हणून हे घडत नव्हते, दार बंद होते म्हणून घडत होते. त्या गँगमनला कोणी "अभ्यास कर, बढती मिळेल" असे सांगितले असते तर ती क्रूर थट्टा झाली असती.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात कामगार, मालक आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय चर्चेची पद्धत रुजली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. फायली ज्याच्या अंगावर फेकल्या गेल्या त्याने कामाचे नियम बदलण्यात हात घातला. आमच्या दृष्टीने नोकरीतल्या यशाची ही खरी व्याख्या आहे. आपण पुढे जायचे आणि मागच्याची वाटही मोकळी करायची.

याहून जुना दाखला हवा असेल तर नारायण मेघाजी लोखंडे यांचा घ्या. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी, हे आपण दरवर्षी सांगतो. परंतु गिरणीत येण्यापूर्वी लोखंडे काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरीला होते, हे आपल्याच दोन खात्यांतल्या कितीतरी कामगारांच्या कानावर नाही. त्यांच्या नावाचे तिकीट टपाल खात्याने २००५ साली काढले. फार शिकायला न मिळालेला हा माणूस पुढे 'दीनबंधू' चालवू लागला, कामगारांच्या बाजूने सरकारी आयोगापुढे बोलू लागला. कामाच्या जागी डोळे उघडे ठेवणे, वाचणे, लिहिणे आणि चार माणसांना बरोबर घेणे, हीच त्यांची शाळा होती.

आता आजच्याकडे वळू. आज दार पूर्वीसारखे बंद नाही. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकाला परीक्षा देऊन एम.टी.एस. वा पोस्टमन होता येते. पोस्टमनला पोस्टल असिस्टंट किंवा सॉर्टिंग असिस्टंट होता येते, असिस्टंटला इन्स्पेक्टर होता येते. रेल्वेत खात्यांतर्गत मर्यादित परीक्षा आहेत, ट्रेड टेस्ट आहेत, आणि थेट भरतीच्या जागांसाठी आतल्या कामगारांना जी.डी.सी.ई.ची संधी आहे. ज्यांना बढतीची जागाच मिळत नाही त्यांच्यासाठी टपाल खात्यात १९८३ साली सोळा वर्षांच्या नोकरीनंतरची कालबद्ध पदोन्नती आली, १९९१ साली सव्वीस वर्षांनंतरची दुसरी आली. आता १ सप्टेंबर २००८ पासूनची एम.ए.सी.पी. योजना दोन्ही खात्यांत आहे, दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी. यातले काहीही आकाशातून पडलेले नाही. कोणीतरी मागितले, कोणीतरी वाटाघाटी केल्या, कोणीतरी पगार कापून घेतले, तेव्हा ते मिळाले.

मग अडते कुठे? दोन्हीकडे अडते, आणि दोन्हीकडचे आम्ही बोलणार आहोत.

प्रथम प्रशासनाकडे. परीक्षा वेळेवर होत नसेल तर परीक्षेचा हक्क कागदावरच राहतो. एक वर्ष परीक्षा लांबली की कोणाची वयाची अट ओलांडते, कोणाची ज्येष्ठता कायमची घसरते. जागा रिकाम्या ठेवून उरलेल्या माणसांकडून दुप्पट काम घेतले जाते, आणि त्याच कारणाने "माणूस नाही, स्पेअर करता येत नाही" असे सांगून प्रशिक्षणाला जाणाऱ्याला अडवले जाते. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वडोदऱ्यात गायकवाडांच्या प्रताप विलास राजवाड्यात भारतीय रेल्वेची राष्ट्रीय अकादमी उभी राहिली, याचा आम्हांला आनंदच आहे. पण बारा तास लाइनवर घालवून चाळीत परतणाऱ्या ट्रॅक मेंटेनरने कोणत्या खोलीत, कोणत्या दिव्याखाली आणि कोणत्या भाषेतले नियमपुस्तक वाचायचे? नियमपुस्तके बहुतांशी इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीतून शिकलेल्या मुलाला ती समजावून देणारा कोणी नसेल तर तो मार्कांत मागे पडणारच. ग्रामीण डाक सेवकाची गोष्ट तर आणखी बिकट. ही पदे नागरी सेवेतील पदे आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली राजम्मा खटल्यात सांगितले, तरी त्याला नियमित सरकारी नोकराचा दर्जा आजही नाही. त्याच्यासाठी परीक्षा हे महत्त्वाचे दार आहे, म्हणून ती परीक्षा दरवर्षी वेळेवर झालीच पाहिजे.

आता आपल्याकडे. हे थोडे कडू वाटेल, पण आपल्याच पानावर आपण बोलणार नाही तर कुठे बोलणार? परीक्षेची सूचना फलकावर लागलेली असते आणि ती मुदत संपल्यावर वाचली जाते. निकाल लागल्यावर शाखा कार्यालयात गर्दी होते, अभ्यासवर्गाच्या संध्याकाळी मात्र खुर्च्या रिकाम्या असतात. "वशिल्याशिवाय काही होत नाही" हे वाक्य तर आपल्याला पाठच झाले आहे. वशिला चालतो तिथे लढायचेच. पण ज्याने अर्जच भरला नाही त्याची बाजू कोणती संघटना कशी मांडणार? पेपर कोरा असेल तर फेरतपासणी तरी कशाची मागायची?

म्हणून नव्याने रुजू झालेल्या सोबत्यांना आम्ही काही गोष्टी मोठ्या भावाच्या नात्याने सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट, काम शिका, आणि कामाचे नियमही शिका. रेल्वेत जनरल आणि सब्सिडिअरी रूल्स हे केवळ परीक्षेचे पुस्तक नाही, रुळावर तुमचा जीव वाचवणारे पुस्तक आहे. लाल झेंडी आणि फटाके न लावता काम उरकायला सांगणाऱ्याला नियम दाखवता आला पाहिजे. टपालातल्या सोबत्यांनी तर जुनी गाइडे बाजूला ठेवावीत. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा डाकघर कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आहे, आणि २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तार तर २०१३ सालीच बंद झाली. आपल्या डोळ्यांदेखत कामे बदलत आहेत. वाफेची इंजिने गेली तेव्हा कोळसा ओढणाऱ्या फायरमनना डिझेल आणि विजेच्या इंजिनावरचे काम शिकावे लागले. जे शिकले ते टिकले आणि पुढेही गेले. नवे यंत्र आले म्हणून माणूस कमी करायचा डाव असेल तर तो संघटनेने हाणून पाडावा. पण ते यंत्र चालवायला मात्र आपल्याच माणसाने शिकावे.

दुसरी गोष्ट, आपले कागद सांभाळा. सेवा पुस्तिकेतील जन्मतारीख, नाव, रुजू झाल्याचा दिवस, वारसाची नोंद ही पहिल्याच वर्षी डोळ्यांखालून घाला. निवृत्तीच्या महिन्यात चूक सापडली की विधवेला किंवा म्हाताऱ्याला खेटे घालावे लागतात. वार्षिक अहवालाकडे दुर्लक्ष करू नका. जुलै २०१६ नंतर एम.ए.सी.पी.साठी 'उत्तम' नव्हे तर 'अत्युत्तम' शेरा लागतो. म्हणजे वरकरणी चांगला दिसणारा शेराही तुमची दहा वर्षांची वाट अडवू शकतो. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, मग तो वाईट असो की चांगला. त्यानंतर पूर्ण अहवाल दाखवण्याचा आणि पंधरा दिवसांत निवेदन देण्याचा नियम झाला. हा हक्क वापरा. आरोपपत्र हाती आले तर घाबरून खिशात घालू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. उत्तर देण्यापूर्वी शाखेत या, दिल्यानंतर नव्हे.

तिसरी गोष्ट, परीक्षेचा अभ्यास बातमी आल्यावर नव्हे, रुजू झाल्याच्या दिवसापासून करा. रोज एक तास पुरे आहे, पण रोज. टपाल खात्याने २०२२ पासून 'डाक कर्मयोगी' हे ऑनलाइन शिक्षणाचे साधन सुरू केले आहे. फोन हातात असतोच, थोडा वेळ त्यासाठीही द्यावा.

चौथी गोष्ट पैशाची. पहिल्या पगाराबरोबर मोटारसायकलचा हप्ता, मग लग्नाचे कर्ज, मग क्रेडिट सोसायटीचे कर्ज, मग ते फेडायला सावकार, ही साखळी आपल्या वसाहतींतून किती घरे खाऊन बसली आहे ते सांगायला नको. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला आहे, पण तिथेही शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पूर्ण पेन्शन मिळायला पंचवीस वर्षांची नोकरी लागते. विनापगारी गैरहजेरी आणि दांड्या ही मौज नाही, ते म्हातारपणाच्या भाकरीतले तुकडे आहेत.

पाचवी गोष्ट शरीराची आणि घराची. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी, हे घरातल्यांना समजावून सांगावे लागते. थकवा घालवण्यासाठी बाटली जवळ करणाऱ्याचा थकवा जात नाही, नोकरी जाते. आणि घरातली बाई नोकरी करत असेल तर तिच्या पाळीचीही तेवढीच कदर ठेवा. पुढे जाण्याचा हक्क केवळ पुरुषांचा नाही.

या शेवटच्या वाक्याला आपल्याच मुलखातला दाखला आहे. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव कराडला विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन मध्य रेल्वेत आल्या आणि १९८९ साली सहायक चालक झाल्या. त्यापूर्वी या देशात रेल्वेचे इंजिन चालवणारी स्त्री नव्हती. तिथून त्या मालगाडी, लोकल अशा पायऱ्या चढत गेल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. त्यांचे हारतुरे झाले, फोटो छापून आले. आम्हांला त्या फोटोंपेक्षा मधली वर्षे मोलाची वाटतात. एकेक परीक्षा, एकेक श्रेणी, घाटातली एकेक रात्र. कोणतीही पायरी गाळून त्या वर गेल्या नाहीत. आणि त्यांच्यानंतर आलेल्या मुलींना इंजिनात शौचालय नाही म्हणून तासन्‌तास पाणी न पिता ड्यूटी करावी लागत असेल, तर एका बाईचे यश साजरे करून आपली जबाबदारी संपत नाही. दार एकीसाठी उघडले, आता त्या दाराचा उंबरठा सर्वांसाठी नीट करायचा आहे.

यावर कोणी रास्त शंका काढील. म्हणेल, "वरच्या जागा मोजक्या आणि खाली माणसे हजारो. सगळेच अभ्यास करू लागले तरी सगळेच इन्स्पेक्टर थोडेच होणार? मग बहुसंख्यांनी स्वतःला अपयशी समजायचे का?" मुळीच नाही, आणि हे आम्हांला अगदी ठासून सांगायचे आहे. पावसाळ्यात पहाटे रूळ तपासत चालणाऱ्या की-मनला तडा गेलेला रूळ दिसतो, तो झेंडी दाखवून गाडी थांबवतो, आणि झोपेत असलेल्या हजारभर माणसांना आपण कशातून वाचलो हे कळतही नाही. त्या माणसाची नोकरी यशस्वी झाली नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तीस वर्षे एकाच बीटवर मनीऑर्डर आणि पेन्शन म्हातारीच्या हातात रुपयाही कमी न करता ठेवणारा पोस्टमन बढतीविना निवृत्त झाला, म्हणून तो लहान ठरत नाही. पद मिळाले नाही तरी पगाराची वाढ मिळावी यासाठीच तर कालबद्ध योजना लढून घेतल्या. दहाही बोटे शाबूत ठेवून, कोणापुढे न वाकता, कोणाचा पैसा न खाता आणि चार जणांना काम शिकवून जो निवृत्त होतो, त्याची नोकरी यशस्वी झाली, असे आम्ही मानतो. मात्र ज्याला वर जायचे आहे, ज्याची कुवत आहे, तो केवळ माहिती नाही, पुस्तक नाही, सुट्टी नाही म्हणून खाली राहता कामा नये.

तेव्हा आता काय करायचे ते बोलू. प्रत्येक शाखेने येत्या तीन महिन्यांत आपल्या कार्यालयात आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू करावा. शिकवायला बाहेरचे मास्तर शोधण्याची गरज नाही. त्याच परीक्षा पास होऊन वर गेलेले आपले सोबती आपल्याच शहरात आहेत. नियम मराठीतून समजावून सांगितले आणि उत्तरे हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिण्याचा सराव करून घेतला, तर आपली मुले कोणाच्या मागे राहणार नाहीत. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे बाड प्रत्येक शाखेत असावे. रुजू झालेल्या प्रत्येक नव्या मुलामागे एक अनुभवी सोबती नेमावा. त्याने त्या मुलाला पहिले वर्षभर सांभाळावे, सेवा पुस्तिका पाहायला लावावी, कर्जापासून आवरावे, शेतात वाढलेल्या मुलाला महानगरात एकटे पडू देऊ नये. विभागीय बैठकांमध्ये परीक्षेचे वार्षिक वेळापत्रक आणि प्रशिक्षणाला मोकळे करण्याचा प्रश्न हे विषय बदलीच्या प्रकरणांइतक्याच जोराने लावून धरावेत.

आणि ज्यांना बढती मिळाली आहे त्यांना शेवटचे दोन शब्द. खुर्ची मिळाली की गँगची ओळख विसरणारे आपण पाहिले आहेत. कालपर्यंत ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली त्याला आज बाहेर उभे ठेवणारेही पाहिले आहेत. तुम्ही ज्या दारातून आत गेलात ते दार तुमच्या आधी कोणीतरी उघडून धरले होते. आता ते धरून ठेवण्याची पाळी तुमची आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. जे शिकलात ते मागून येणाऱ्याला शिकवा. पुढच्या निवड-यादीत तुमच्या शाखेची चार नावे अधिक लागली, तर त्यात तुमच्याही नोकरीचे यश आहे.